सव्वादोन

एल्कोला ऑक्टोबरात बर्फ पडत नाही,
पडायच्या बेतात असतं.
तशा एका सकाळी इचार्ट बापलेक आले.
पांढरी पिकअप, हौद्यात मिठाच्या दोन विटा,
तारेचं भेंडोळं आणि एक कुत्री,
जिला उतरायचंच नव्हतं.

"सहा इंच," बेन्यात म्हणाला,
दार पुरतं लागलंही नव्हतं त्याचं.
गाइझ्का, त्याचा मुलगा, टायरला बुटाचं टोक लावत राहिला.

मी सगळी किटं बाकावर मांडली.
दोन इंचांचा स्पेसर म्हणजे नुसती चकती,
कपाटाच्या पायाखाली वीट सारावी तशी.
दुपारी गाडी परत.
चार इंचाला नवी कॉइल, नवे शॉक,
मागच्या कमानीत एक पाटा जास्त.
सहाला मात्र सगळंच आखूड पडतं,
ब्रेकची नळी, स्टिअरिंगचे दांडे.
अ‍ॅक्सल वाकडा कोन धरून कुरकुरतो
आणि दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.
माणूस स्टुलावर चढला
की पायातली चप्पलसुद्धा लांब जाते, तसं.

रीनोचा एक दातांचा डॉक्टर आठ घेऊन गेला होता.
गाडी त्याच्याच गॅरेजात शिरेना.
उंटावरचा शहाणा,
वर्षभर बर्फ खरवडत होता काचेवरचं.

म्हणून मी सगळ्यांना एकच विचारते: जाणार कुठे?

"रूबीच्या मागे," बेन्यात म्हणाला.
"काकाचा मेंढ्यांचा तळ होता तिथे.
अ‍ॅस्पनवर त्यानं नाव कोरलंय, चाकूनं, एकोणीसशे एकोणचाळीस.
ओढ्यात मधोमध दगड आहे, पोटाला लागतो."
मग म्हणाला, मला नाही, गाडीच्या टपाला म्हणाला,
"झाड केवढं झालंय.
पण अक्षरं वर गेली नाहीत.
तिथेच आहेत, छातीशी. नुसती रुंद होतात."

गाइझ्कानं तेलाचा डबा उचलला
आणि मागचा बारीक मजकूर वाचू लागला.

मी गाडी हायड्रॉलिकवर घेतली, सहा इंच वर,
त्याच्या बाजूचं दार उघडलं. "चढा."
खाणीत मोडलेला खुबा, आत पोलाद.
पहिल्यांदा हात निसटला.
दुसऱ्यांदा गुडघा सीटला लागला आणि थांबला.
कुत्री बघत होती. मुलगा वाचत होता,
त्या डब्यावर एवढं काही नसतं.
तिसऱ्यांदा चढला. ओठ पांढरे,
पण स्वर्ग दोन बोटं उरलेला.
"बघ," म्हणाला, "सगळं दिसतं इथून."

समोर माझ्या दुकानाची भिंत होती,
तिच्यावर फॅनबेल्ट टांगलेले.

उतरायचं कसं, हे तिघांपैकी
एकानंही धरलं नव्हतं.

बराच वेळ कॉम्प्रेसर चालू राहिला.
मग मी खटका दाबला, हळू,
त्याला आत बसवूनच गाडी खाली सोडत गेले.
पाच. चार.
तो काठावर सरकला, एक पाय बाहेर, लोंबता.
तीन.
बुटाची टाच फरशीला लागली, टक्.
मी तिथे थांबवलं, टेप लावली.
सव्वादोन.

कुणी सहाचं नाव काढलं नाही.
मी पावतीवर दोन लिहिलं,
पाव इंच कुठून तरी येतोच, नव्या टायरांतून.
"आणि दगड?" बेन्यातनं विचारलं.
"सब्बल आहे घरी," गाइझ्का म्हणाला.
सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य.

पंधरा दिवसांनी तेल बदलायला आले.
खाली शिरून बघितलं,
पोटावर लांब, ताजी, चकचकीत एक रेघ,
आणि भेगांत ओढ्याची वाळू.
सब्बल हौद्यात होती, वाकलेली.

मी काही विचारलं नाही.
बेन्यात स्वतःच उतरला,
टाच आधी.